देवाला त्याची कथा सांगणारा

विधीच्या वेळी देवता उपस्थित होते म्हणजे नेमके काय घडते, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि कधीच पूर्णपणे न मिटलेला वाद आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या नवव्या अध्यायावर भाष्य करताना शबरस्वामींनी असे मांडले की देवतेला शरीर नसते, ती अर्पण केलेले द्रव्य खात नाही आणि प्रसन्न होऊन फळही देत नाही. फळ मिळते ते यथाविधी केलेल्या कर्मातून उत्पन्न होणाऱ्या अदृश्य सामर्थ्यामुळे, ज्याला मीमांसक ‘अपूर्व’ म्हणतात. देवतेचे अस्तित्व त्यांच्या दृष्टीने मंत्रातील शब्दापुरते राहते. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी याच्या उलट बाजू घेतली: देवतांना विग्रह, म्हणजे देह, असतो आणि आपल्या सामर्थ्याने त्या एकाच वेळी अनेक यज्ञांना हजर राहू शकतात. एका पक्षात शब्दच सर्व काही ठरतो आणि देव जवळजवळ अनावश्यक होतो. दुसऱ्या पक्षात देव स्वतंत्र, समर्थ आणि स्वेच्छेने येणारा असतो. उत्तराखंडातील कुमाऊं आणि गढवाल या हिमालयीन प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ‘जागर’ हा रात्रीचा विधी नीट पाहिला, तर या दोन्ही पक्षांत न बसणारे असे एक तिसरे उत्तर तेथे आचरणात आलेले दिसते आणि त्याचा विचार दर्शनग्रंथांच्या बरोबरीने व्हायला हवा.

जागरात मुख्य व्यक्ती तीन असतात. ज्याच्या घरात आजारपण, कलह, संततीची चिंता किंवा अन्यायाची वेदना आहे आणि म्हणून जो विधी करवतो, तो यजमान, ज्याला कुमाऊंत ‘स्योंकार’ म्हणतात. ज्याच्या अंगात देव येतो तो ‘डंगरिया’, ज्याला गढवालात ‘पस्वा’ असे नाव आहे. आणि जो वाद्य वाजवत देवाची कथा गातो तो ‘जगरिया’. महाराष्ट्रातील वाचकाला अंगात येणे किंवा वारे येणे अपरिचित नाही, आणि खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी रात्रभर देवाची कथा गातात तेव्हाही विधीचा सांगाडा पुष्कळसा याच जातीचा असतो. कुमाऊंतील विधीत लक्ष वेधून घेते ती मात्र जगरियाच्या अधिकाराची व्याप्ती, आणि हा अधिकार त्याच्या हातातल्या वाद्यापासूनच सुरू होतो.

हे वाद्य बहुधा ‘हुडका’ असते. डमरूसारखे मध्ये निमुळते लाकडी खोड आतून कोरून पोकळ केलेले, दोन्ही तोंडांवर अतिशय पातळ कातडे ताणलेले आणि ती दोन तोंडे आडव्या-तिरप्या दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेली, अशी त्याची घडण असते. खांद्यावरून घेतलेला पट्टा या दोऱ्यांना जोडलेला असल्यामुळे वादकाने हाताने वाद्य किंचित पुढे ढकलताच पट्टा दोऱ्यांना खेचतो, कातडे ताणले जाते आणि ध्वनी चढतो. दाब सैल होताच तो खाली उतरतो. त्यामुळे हुडका नुसता ठेका धरत नाही, तर गायकाच्या स्वराबरोबर हुंकार देतो. सोबतीला काशाची थाळी वाजवली जाते आणि साथीदार ओळीचा शेवटचा स्वर लांबवून धरतात. घराबाहेर धुनी पेटवून होणाऱ्या मोठ्या जागरांत ढोल आणि दमाऊ ही वाद्ये येतात, आणि ज्या तांब्यापासून त्यांची खोडे घडतात त्याचे काम करणारे अल्मोड्याचे टमटा कारागीर त्यासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहेत. तांबट, सुतार, कातडे कमावणारा आणि वादक यांच्या श्रमांतून देवाच्या येण्याची वाट तयार होते, ही बाब कोणी कलेचा इतिहास म्हणून बाजूला काढली, तर जागराचा अर्थच हातून निसटेल.

विधीचा क्रम ठरलेला असतो. प्रथम सांजेचे गायन होते, ज्यात मावळता सूर्य, परतणारी गुरे, पेटणारे दिवे आणि दिशांचे देव यांचे स्मरण केले जाते. त्यानंतर ‘बिरत्वाई’, म्हणजे ज्या देवाला बोलवायचे त्याची बिरुदावली. आणि मग ‘औसाण’, ज्यात लय चढत जाते आणि जगरिया देवाला त्याच्याच आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंगांपर्यंत नेऊन उभे करतो. गोलू देवता हे याचे ठळक उदाहरण आहे. चंपावतच्या झालराय राजाच्या धाकट्या राणीला, कालिंकेला, पुत्र होतो. सवती त्या बाळाच्या जागी पाटा-वरवंटा ठेवून तिने दगड प्रसवला असे सांगतात आणि बाळाला पेटीत घालून काली नदीत सोडून देतात. कोळ्याच्या घरी वाढलेला तो मुलगा पुढे लाकडी घोडा घेऊन पाणवठ्यावर येतो, त्या राण्यांदेखत घोड्याला पाणी पाजू लागतो, आणि लाकडाचा घोडा कुठे पाणी पितो का असे विचारले असता, बाई दगड प्रसवू शकते तर लाकडाचा घोडाही पाणी पिऊ शकतो, असे उत्तर देतो. अन्याय झालेला हा मुलगाच पुढे न्यायदेवता होतो आणि आजही अल्मोड्याजवळच्या चितई येथील त्याच्या मंदिरात लोक मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेले अर्ज टांगतात व मागणे पूर्ण झाले की घंटा वाहतात. जागरात ही कथा माहिती म्हणून सांगितली जात नाही, कारण जमलेल्या प्रत्येकाला ती पाठ असते. ती सांगितली जाते देवाला. पेटी पाण्यात पडते, त्या ठिकाणी कुठेतरी डंगरियाचे अंग थरथरू लागते, श्वास बदलतो, आणि आतापर्यंत तृतीयपुरुषात चाललेली कथा प्रथमपुरुषात बोलू लागते.

तत्त्वविचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच आहे. मीमांसकाच्या मताप्रमाणे शब्दच पुरेसा असता, तर योग्य क्रमाने गायलेली कथा प्रत्येक वेळी फलद्रूप झाली असती, आणि डंगरियाच्या देहाची गरजच उरली नसती. वेदान्ती म्हणतो तसा देव स्वेच्छेने येणारा असता, तर त्याला त्याच्या आईचे दुःख इतक्या बारकाईने पुन्हा ऐकवण्याचे कारण नव्हते. जागर असे गृहीत धरतो की देव आहे, समर्थ आहे, पण त्याला स्वतःची ओळख पटण्यासाठी कोणीतरी त्याची कथा त्याच्यासमोर मांडावी लागते. ईश्वराच्या पूर्णतेवर श्रद्धा असलेल्या मनाला हे खटकेल. परंतु येथे देवाचे सामर्थ्य कमी होत नाही. ते नात्यातून प्रकट होते, आणि ज्याच्या दुःखाची कथा आपण विसरलो त्याच्याकडे न्याय मागता येत नाही, असा या विधीचा आग्रह आहे. स्योंकार आपले दुःख घेऊन येतो तेव्हा त्याला आधी देवाचे दुःख ऐकावे लागते, हा क्रम फार विचारपूर्वक आलेला वाटतो.

देव आला की जगरिया त्याच्याशी बोलतो, प्रश्न विचारतो, प्रसंगी दटावतोही. याला आधार आहे नाथपरंपरेचा. कुमाऊंच्या लोककथांत गोलूसारखे देव गोरखनाथांचे शिष्य मानले जातात, आणि जागराच्या वेळी जगरिया गुरूच्या जागी बसलेला असल्यामुळे अंगात आलेला देव त्याला गुरू म्हणून संबोधतो. गोरखनाथांपासून गहिनीनाथ व निवृत्तिनाथ यांच्यामार्गे ज्ञानेश्वरांपर्यंत आलेली गुरुपरंपरा महाराष्ट्राला परिचित आहे; त्याच नाथांच्या नावाने हिमालयाच्या कुशीत देवांनाच शिष्य करणारी एक धारा चालू राहिली.

मग येथे एक प्रश्न उभा राहतो, ज्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ढोल-दमाऊ वाजवणारे आणि अनेक ठिकाणी जागर गाणारे लोक दास, औजी, बाजगी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेले आहेत, तर डंगरिया आणि यजमान पुष्कळदा सवर्ण असतात. ज्याला देव गुरू म्हणतो, त्याला त्याच देवाच्या मंदिराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागत आले. ‘ढोलसागर’ या वादकांच्या परंपरागत ग्रंथात ढोलाची उत्पत्ती आणि त्याचे अवयव शिव-पार्वतीच्या संवादातून देवतांशी जोडलेले आहेत. म्हणजे वाद्य दैवी आणि वादक अपवित्र, अशी विसंगती समाजाने शतकानुशतके सांभाळली. विधीच्या तर्काने पाहिले तर ही विसंगती टिकत नाही, कारण पावित्र्य जर त्या आवाजातून देवाच्या देहात उतरत असेल, तर आवाजाचा उगम अपवित्र ठरवणारा माणूस देवाच्या येण्यालाच नाकारत असतो. जातिव्यवस्थेचे खंडन येथे बाहेरून आणावे लागत नाही. ते जागराच्या गाभ्यातच आहे, आणि ते न ऐकणे हा ऐकणाऱ्यांचा दोष आहे.

गेल्या काही दशकांत जागराचे स्थान बदलले आहे. चमोली जिल्ह्यातील सलूड-डुंगरा गावांचा ‘रम्माण’ हा उत्सव, ज्यात जागराचे गायनही असते, 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. नंदादेवीचे जागर गाणाऱ्या बसंती बिष्ट यांना 2017 मध्ये आणि प्रीतम भरतवाण यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. परंपरेने पुरुषांच्या मानल्या गेलेल्या या गायनात एका स्त्रीचा असा गौरव व्हावा, ही मोठीच गोष्ट आहे. दुसरीकडे 2011 च्या जनगणनेपर्यंत उत्तराखंडातील हजाराहून अधिक गावे निर्जन झाली होती, आणि पोटापाण्यासाठी दिल्ली-मुंबईकडे गेलेली कुटुंबे कुलदेवतेच्या विधीपुरती गावी परततात. अशा कुटुंबांना ध्वनिमुद्रित जागर सहज उपलब्ध आहे, आणि आठवण म्हणून त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ध्वनिमुद्रित गायनाला समोरच्या देहाकडे पाहता येत नाही. डंगरियाचा श्वास अडकला तर लय थांबवणे, कथा एक पाऊल मागे घेणे, आलेल्या देवाला यजमानाचे म्हणणे समजावून देणे, आणि पहाटे त्याला सन्मानाने हिमालयातील त्याच्या स्थानी परत पाठवणे, ही कामे जिवंत जगरियाशिवाय होत नाहीत. या शेवटच्या पाठवणीला जाणकार आवाहनाइतकेच महत्त्व देतात, कारण देव उतरला नाही तर डंगरियाचा देह थकत राहतो आणि विधी अपुरा मानला जातो. म्हणूनच देवाला बोलावता येते पण परत पाठवता येत नाही अशा माणसाच्या हाती गावातला जागर सोपवला जात नाही.