असंच, पण वेगळं

पंचवटीत माझं डीटीपी आणि फ्लेक्स डिझाईनचं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाईल पुढे करतं. लग्नपत्रिका असो, मंडळाचा बॅनर असो की दशक्रियेचा फ्लेक्स, वाक्य ठरलेलं: "ताई, सेम असंच पाहिजे, फक्त जरा वेगळं करा." आमच्या धंद्यातले लोक या वाक्यावर विनोद करतात. मी करत नाही, कारण नवव्या शतकात काश्मीरमधल्या आनंदवर्धनाने याच कोड्यावर डोकं चालवलं होतं.

'ध्वन्यालोका'च्या शेवटच्या उद्योतात तो विचारतो, की एक रचना दुसरीसारखी असते म्हणजे कशी असते? आरशातल्या प्रतिबिंबासारखी असू शकते, माणसाच्या काढलेल्या चित्रासारखी असू शकते, किंवा दोन माणसं एकमेकांसारखी दिसतात तशी. पहिलीला स्वतःचा जीवच नाही, दुसरीला असून नसल्यासारखा. या दोन्ही टाळाव्यात. तिसरीला मात्र कवीने घाबरू नये. नाकडोळे सारखे असले म्हणून दोन माणसं एक होत नाहीत. शब्दांच्या कारागिरीबद्दल बोलताना त्याला दाखले सुचले ते आरशाचे आणि चित्राचे. आम्हा चित्रवाल्यांना हे वाचून जरा बरं वाटतं, आणि जरा लाजही वाटते.

पुढे राजशेखर आला. पूर्वज महाराष्ट्रातले, आश्रय कनौजच्या दरबाराचा. 'काव्यमीमांसे'त त्याने उचलेगिरीवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत आणि कवी व व्यापारी यांना एकाच पंगतीत बसवून दोघांनाही चोर ठरवलं आहे. मला त्यात आवडते ती त्याची बायको, अवंतिसुंदरी. विद्वान बाई. तिचं मत तो नाव घेऊन देतो. ती म्हणते, मूळ कवीला कोणी ओळखत नसेल, त्याची रचना मागे पडली असेल, तर दुसऱ्याचं घ्यायला काय हरकत आहे? हजार वर्षं झाली, पण आमच्या बाजारात अजून तिचंच राज्य आहे. परदेशातल्या कुठल्या तरी अनोळखी मुलीने काढलेली कमळं नाशिकच्या पत्रिकेवर येतात, कारण इथे तिला कोण ओळखतंय! मीही वापरली आहेत.

पण अवंतिसुंदरीच्या सगळ्या युक्तिवादाचा रोख सापडण्या-न सापडण्यावर आहे. आनंदवर्धनाचा प्रश्न निराळा आहे. समजा, जगात कोणालाच कळणार नाही. तरी तू केलेल्या वस्तूत जीव आहे का? हा न्यायालयात सुटणारा प्रश्न नव्हे. मला तो जवळजवळ धर्माचाच वाटतो.

राजशेखराने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि माझ्या मते ती या चोरीच्या हिशेबापेक्षा मोठी आहे. प्रतिभा दोन प्रकारची, तो म्हणतो: एक करणाऱ्याची, कारयित्री, दुसरी रसिकाची, भावयित्री. म्हणजे नीट पाहता येणं हीसुद्धा प्रतिभाच. ती नसेल तर हजार सुंदर चित्रं डोळ्यांसमोरून गेली तरी ती नुसती जातात. दुकानातला पोरगा सकाळी चहा पिता पिता मोबाईलवर जेवढी डिझाईन्स बघतो तेवढी जे. जे.च्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्षभरात पाहिली नसतील. तरी दुपारी विचारतो, "ताई, काही सुचेना." सुचणार कसं? अजून काही पाहिलंच नाही.

पाहणं म्हणजे काय हे सांगायचं तर आमच्या त्र्यंबकेश्वरच्या माणसाकडे जावं लागतं. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७०. जे. जे.मध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. लोणावळ्याजवळ रविवर्म्याच्या देवदेवतांच्या छपाईचं काम केलं. मग १९१०-११च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच लिहिलं आहे, की पडद्यावर ख्रिस्त चालला होता आणि त्यांच्या मनापुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. त्या खुर्च्यांवर इतरही माणसं होती. त्यांनीही तोच ख्रिस्त पाहिला, पैसे वसूल झाले म्हणून घरी गेली. ३ मे १९१३ला गिरगावातच 'राजा हरिश्चंद्र' लागला तो या एका प्रेक्षकामुळे. दुसऱ्याच्या देवात आपला देव दिसणं याला कोणी नक्कल म्हणेल, कोणी स्पर्धा म्हणेल. मला ते आनंदवर्धनाचं तिसरं साम्य वाटतं. आणि कृष्ण काही हवेतून आला नव्हता. कितीतरी देव त्या माणसाच्या हातांनी शाई लावून छापले गेले होते.

देव आणि नवेपणा यांचं मात्र जमत नाही. माझी आई रोज काळारामाला जायची. लहानपणी मी विचारायचे, "काल तर बघितलास ना?" ती म्हणायची, "काल कालचा बघितला." कलेत जे शिळं, ते देवळात रोज ताजं. आषाढीच्या आधी आमच्या गल्लीतली सगळी दुकानं विठोबाचा एकच पीएनजी वापरतात. तो कोणी कापला कोणास ठाऊक, उजव्या कानापाशी बॅकग्राउंडचा निळा तुकडा राहिला आहे. एकदा मी तो साफ करायला बसले होते. पडद्यावर चारशे टक्के मोठा केलेला नुसता कान आणि मकरकुंडल. दिंडीच्या बॅनरचं सांगायला आलेले एक आजोबा मागे उभे होते. त्यांनी चप्पल काढली, हात जोडले. मला पिक्सेल दिसत होते, त्यांना विठ्ठल.

हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, बघा, भक्ती हीच खरी कला. मला हे पटत नाही. आजोबांना निळा तुकडा दिसलाच नाही, आणि दिसला असता तरी त्यांचं काही अडलं नसतं. वाईटातली वाईट छपाई भक्ताला चालते. ती त्याची थोरवी आहे. मला चालून चालणार नाही. भक्ताच्या पाहण्यात वस्तू विरघळून जाते, माझ्या पाहण्यात तिला टिकावं लागतं, तिचा काठ, तिचा रंग, तिच्यातला दोष यांसकट. आजोबांकडून मी एवढंच घेऊ शकते की एकाच गोष्टीपाशी थांबता येतं. चप्पल काढण्याइतका वेळ थांबता येतं.

फाळक्यांकडे ही दोन्ही पाहणी एकत्र होती, म्हणून तर सतत डोळ्यांसमोर कृष्ण असूनही ते लंडनला कॅमेरा आणायला गेले. परत आल्यावर देव बाजूला ठेवून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोप थोडं थोडं वाढेल तसतसं थोडं थोडं चित्रित केलं, जोडलं, आणि अंकुर पडद्यावर भराभर वर आला. भांडवल देऊ शकणाऱ्या माणसाला त्यांनी ते दाखवलं. त्यात ना ख्रिस्त होता, ना कृष्ण, ना हरिश्चंद्र. पैसे मिळाले ते त्या वाटाण्यावर.