देवालाही औषध लागलं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त मायबापहो, मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की खानदेशाची पावलं तापीकाठी सारंगखेड्याकडे वळतात. तिथला एकमुखी दत्त, ती यात्रा, तो घोडेबाजार हे सगळं १९९८ सालापर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. पुढं नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण यात्रेकरूंची वाट काही बदलली नाही. ज्यांना तिथवर जाणं होत नाही, ते आपल्या गावच्या दत्ताच्या पारावर येतात. आणि पार म्हटला की औदुंबर आलाच. आज त्याच औदुंबराविषयी, आपल्या उंबराविषयी, दोन शब्द बोलायचे आहेत.

गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायातली कथा तुम्ही सप्ताहात दरवर्षी ऐकता. भगवान नृसिंहांनी हिरण्यकशिपूचं पोट नखांनी विदारलं. त्या पोटातलं विष नखांना लागलं आणि नखांची आग आग होऊ लागली. तेव्हा लक्ष्मीमातेनं औदुंबराची फळं आणली. देवानं त्यांत नखं रोवली आणि दाह शमला. संतुष्ट होऊन दोघांनी त्या वृक्षाला वर दिला.

आपण वर लक्षात ठेवतो, प्रदक्षिणा घालतो. पण त्याआधीची गोष्ट पाहा. प्रत्यक्ष भगवंताला दाह झाला, तेव्हा लक्ष्मीमाता ‘तुम्ही तर देव, आपोआप बरं होईल’ असं म्हणाली नाही. तिनं उपचार केला, आणि देवानं तो करून घेतला. देवालाही औषध लागलं! मग औषध घेतल्यानं आपली श्रद्धा उणी कशी होईल?

उंबर थंड आणि तुरट, असं आयुर्वेद सांगतो. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारोसा पिंपळ या पाच झाडांच्या साली म्हणजे पंचवल्कल. त्यांच्या काढ्यानं जखम धुवायची, तोंड आलं तर गुळण्या करायच्या, ही जुनी रीत. कोवळ्या उंबरांची भाजी जुलाबावर देत. पिकलेलं उंबर फोडून, आतले किडे झटकून पोरं आवडीनं खातात. ते किडेसुद्धा वाया नाहीत बरं! उंबराचं फूल दिसत नाही असं आपण म्हणतो, कारण फुलं फळाच्या आत दडलेली असतात. हे चिमुकले जीव आत शिरतात तेव्हाच बी धरतं. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उंबराची सावली हेच मोठं औषध. विहिरीची जागा बघताना जुने जाणते आधी आसपास उंबर आहे का ते बघत. आपल्या धरणगावात १८९० साली जन्मलेल्या बालकवींनी ‘औदुंबर’ नावाची आठ ओळींची कविता लिहिली आणि हे झाड साऱ्या महाराष्ट्राच्या मनात रुजवलं.

एवढं गुणगान केल्यावर एक कडू गोष्ट सांगतो. आमच्या पारावर नेमानं येणारे एक नाना. साखरेचा त्रास जुना. एक दिवस मला म्हणाले, “बापू, गोया बंद करी टाक्यात. आते दत्तना झाडनं पानी पेस.” उंबराची साल रात्री भिजवून सकाळी ते पाणी पीत होते. मी हात जोडून सांगितलं, “नाना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.” नानांनी ते हसण्यावारी नेलं. पुढं पायाला चपलेनं घासलं, जखम चिघळली, आणि शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. नाना आजही पारावर येतात, आता काठी टेकत. गोळ्या वेळेवर घेतात.

उंबराच्या सालीच्या अर्कानं साखर उतरल्याचं उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलं आहे, हे खरं. पण उंदरावरचा प्रयोग म्हणजे नानांचा उपचार नव्हे. किती साल, किती दिवस, कोणाला चालेल, हे वैद्यानं नाडी बघून ठरवायचं. आणि चालू गोळ्यांसोबत साखर फार खाली गेली तर तोही धोकाच. बाह्य दाहावर फळ लावणारी लक्ष्मीमाता विचारपूर्वक वागली. आपण मात्र ऐकीव गोष्टीवर जीव टांगतो!

दुसरी गोष्ट झाडाची. पारावरच्या औदुंबराच्या बुंध्याकडे नीट बघा. जो येतो तो कोयत्यानं साल काढून नेतो. पानांत तयार झालेलं अन्न आतल्या सालीतूनच मुळांकडं उतरतं. चहूबाजूंनी साल सोलली तर मुळं उपाशी राहतात आणि झाड उभं वाळतं. एका हातानं प्रदक्षिणेचं फूल आणि दुसऱ्या हातात कोयता, याला भक्ती कसं म्हणावं? नृसिंहांनी फळांत नखं रोवली, बुंध्यात नव्हे. आणि दाह शमताच झाडाला आधी वर दिला. घेतलं त्याची परतफेड केली.

म्हणून मायबापहो, या जयंतीला एवढंच करू. पारावरच्या झाडाला कोयता लावायचा नाही. साल लागलीच तर वैद्याच्या सांगण्यावरून दुकानातून घ्यायची. घराच्या भिंतीपासून दूर, बांधावर किंवा नाल्याकाठी एक उंबर लावायचा आणि दोन उन्हाळे त्याला पाणी घालायचं. तांबट, हळद्या, कोकीळ त्याची फळं खातील, तोच महाराजांचा नैवेद्य. आणि सकाळी देवाला नमस्कार करून झाला की आपली गोळी घ्यायची, तीर्थ घेतो तितक्याच श्रद्धेनं. हा देहही त्यांचाच ठेवा आहे. तो सांभाळणं हीसुद्धा सेवाच.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!