जुळणे आणि जुळवून घेणे



पूर्वी स्थळ सुचवायचे काम मावशी-काका करीत. आज ते संगणकही करतो. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या 'ईहार्मनी' या संकेतस्थळाने शेकडो प्रश्नांची उत्तरे भरून घेऊन अनुरूप जोड्या सुचवण्यास आरंभ केला. पण उत्तरे जुळली म्हणजे माणसे जुळतात का?

२०१२ साली पाच मानसशास्त्रज्ञांनी अशा सेवांचा अभ्यास तपासला. गणिताने जुळवलेली नाती अधिक टिकतात, असा पटण्याजोगा पुरावा त्यांना आढळला नाही. २०१४ मध्ये 'ओकेक्युपिड'ने स्वतःच एक प्रयोग उघड केला. जेमतेम ३० टक्के जुळणाऱ्यांना त्यांनी 'तुम्ही ९० टक्के जुळता' असे खोटेच सांगितले होते. एरवी अशा जोड्यांत संवाद पुढे सरकण्याचे प्रमाण १० टक्के होते. ते १७ वर गेले. खरोखर ९० टक्के जुळणाऱ्यांत ते २० होते.

माणसांच्या विश्वासाशी असा खेळ करणे गैरच. परंतु त्यातून विचार करण्याजोगी एक गोष्ट दिसते. 'हा माणूस आपला आहे' असे मानले की आपण त्याचे अधिक लक्षपूर्वक ऐकतो. म्हणजे अनुरूपता ही उंचीसारखी आधीच मोजता येणारी वस्तू नाही. तिचा बराच भाग दोघांच्या वागण्यातून घडतो. शिवाय प्रश्नावली भरणारा आजचा असतो. आजारपण, बेकारी, मुलांचा जन्म यांनंतर तोच माणूस वेगळी उत्तरे देईल.

मग कोणाशीही लग्न करावे काय? मुळीच नाही. श्रद्धा, व्यसने, मुले, पैसा यांविषयी आधी स्पष्ट विचारलेच पाहिजे. ओळख करून देण्यास ही साधने उपयोगीही पडतात. धोका पुढे आहे. पहिल्या मोठ्या भांडणानंतर 'निवडच चुकली' असे म्हणून मन पुन्हा यादीकडे वळते आणि स्वतःला बदलण्याचे काम राहून जाते. छळ सोसावा असा याचा अर्थ नव्हे. तेथे मदत मागणेच योग्य.

वेदीसमोर आपण वधूवरांना 'तुम्ही किती टक्के जुळता?' असे विचारत नाही. स्वखुशीने, आयुष्यभरासाठी आला आहात का, असे विचारतो. त्याचे उत्तर संगणक देऊ शकत नाही. ते दोघांनाच द्यावे लागते आणि घरी गेल्यावर रोज पाळावे लागते.