पावाचे पाय

आजीच्या स्वयंपाकघरात पावाला प्रवेश नव्हता. खायचा तर पडवीत बसून, बेकरीच्या कागदावरच. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पायांनी तुडवून मळतात मेले, म्हणून तर पाव!’ मामा हिशेबी माणूस. त्याच्या मते एका मोठ्या रोटीचे चार भाग केले, की एक भाग पाव.

दोघंही चुकत होती, हे फार उशिरा कळलं. गंमत अशी, की दोघं एकाच दारात चुकली होती. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून ‘पाद’ म्हणजे चतुर्थांशही. आपलं पाऊल त्याच कुळातलं, पावशेरही त्यातलाच, आणि ‘सपाद’चा झाला सव्वा. आजीने त्यातला पाय धरला, मामाने चतुर्थांश. खायचा पाव मात्र या घराण्यातला नाहीच.

तो समुद्रावरून आला. लॅटिन ‘पानिस’चं पोर्तुगीजांच्या तोंडी ‘पांव’ झालं. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि तिथे माडाच्या सुरेने पीठ फुगवून भट्ट्या पेटल्या. भाजणारा तो पोदेर. 1543 मध्ये पोर्तुगीज जपानला पोचले. जपानी माणूस आजही पावाला ‘पान’ म्हणतो, सिंहली माणूसही. बंगालीत ‘पाउरुटी’ झाली, म्हणजे रोटीलाच पुन्हा रोटी जोडली, आपल्या पिवळ्या पीतांबरासारखी.

या कुळात एक अनपेक्षित नातेवाईकही सापडतो: ‘कंपनी’. मूळ अर्थ, एकत्र बसून पाव खाणारे. ज्या कंपनी सरकारने 1818 मध्ये पेशवाई बुडवली, त्याच्या नावातही हाच ‘पानिस’ दडून बसलेला.

पंक्तीचा प्रश्न आला, की मला आजीची व्युत्पत्ती पुन्हा आठवते. कारण आपल्याकडे पाव हा पोटाचा नव्हे, पंक्तीचाच प्रश्न होता. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गाव बाटलं, अशा गोष्टी वसईकडे सांगितल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा निघाली. जातिभेद मानत नाही, हे सिद्ध करायला नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. या मंडळींतले पुढारी दादोबा पांडुरंग तर्खडकर हे मराठीचे व्याकरणकार. शब्दांची कुळं तपासणाऱ्या माणसाने खाणाऱ्याचं कुळ विचारायचं नाही असं ठरवावं, हे मला फार शोभून दिसतं. पण तेही दार लावून. पुढे सभासदांची नावं फुटली आणि मंडळी पांगली.

म्हणजे आजीने अर्थ चुकीचा सांगितला, तरी साक्ष खरी दिली. परका शब्द घरात आला, की आपण त्याला ओळखीचं नातं चिकटवतो. कधी जवळ घ्यायला, कधी उंबऱ्याबाहेर ठेवायला. ‘पायांनी मळलेला’ ही व्युत्पत्ती नव्हती, मनाई होती. ती बहुतेकांच्या बाबतीत कोणी वाद घालून उठवली नाही. गिरणगावातल्या पाळ्या, स्टेशनाबाहेरच्या गाड्या, मिसळीची तर्री आणि वड्याचा वास यांनी ती हळूहळू उठली.

शेवटच्या वर्षांत आजीचे दात गेले. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या तिच्या पाटावर बसलेली दिसली. हातात कपबशी. लादीतून सोडवलेल्या पावाची ती मऊ, पांढरी, तंतू सुटलेली कड चहात बुडवत होती.

‘आजी, पायांनी मळतात ना?’

तिने घास गिळला. ‘आता मशिनी आल्या असतील,’ म्हणाली आणि दुसरा तुकडा बुडवला.