दिवाळखोराचा शब्द

दिलेला शब्द पाळावा, हा नीतीचा पहिला धडा होय. परंतु ज्याच्या पेढीचे दिवाळे वाजले त्यालाही तो तितकाच लागू पडतो काय?

अमेरिकन एअरलाइन्स ह्या विमानकंपनीने २९ नोव्हेंबर २०११ रोजी दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घेतला, त्या वेळी तिच्या तिजोरीत सुमारे ४१० कोटी डॉलर रोख होते! हे दिवाळे अन्नान्नदशेचे नव्हे, योजनेचे होते. तेथील कायद्याप्रमाणे अशा कंपनीस कामगारसंघाशी केलेला करार मोडता येतो. १९८३ साली कॉन्टिनेंटल कंपनीने तो एकतर्फी झुगारला, तेव्हा १९८४ साली आधी वाटाघाट व मग न्यायाधीशाची अनुमती, असे बंधन घालण्यात आले. पण बंधन म्हणजे मनाई नव्हे.

ह्या कायद्याचा सोटा हाती धरूनच व्यवस्थापक वाटाघाटीस बसले. ऑगस्ट २०१२ मध्ये वैमानिकांनी त्यांच्या अटी ६१ टक्के मतांनी धुडकावल्या. न्यायाधीशांनीही प्रथम कंपनीस नकार दिला. कारण वैमानिकांस कमी करण्याची आणि परक्या कंपन्यांच्या विमानांवर आपली तिकिटे विकण्याची मुभा तिने गरजेबाहेर मागितली होती. एवढी दुरुस्ती होताच ४ सप्टेंबरला करार मोडण्यास अनुमती मिळाली.

व्यवस्थापकांचीही बाजू आहे, हे आम्ही नाकारीत नाही. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ह्याच मार्गाने आपला खर्च आधीच उतरविला होता. आणि सर्व धनको तोटा सोसत असता वैमानिकांनीच तेवढे अस्पर्श का राहावे? परंतु धनको जोखीम ओळखून व्याज घेतो व आपले पैसे दहा ठिकाणी विभागून ठेवतो. वैमानिकास आपले आयुष्य विभागता येत नाही. त्याचा पगार व हुद्दा ज्येष्ठतेवर अवलंबून असतो, आणि दुसऱ्या कंपनीत गेला की त्यास तळापासून आरंभ करावा लागतो. जो सोडून जाऊ शकत नाही त्याच्याशी केलेला करार अधिक जपला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

शिवाय एक जुनी जखम होती. २००३ साली दिवाळे टाळण्यासाठी ह्याच वैमानिकांनी वर्षाला सुमारे ६६ कोटी डॉलरांची सवलत दिली होती. आणि त्याच सुमारास वरिष्ठांनी स्वतःसाठी बक्षिसांची व पेन्शनची तजवीज करून ठेविल्याचे उघडकीस येऊन मुख्याधिकाऱ्यास पायउतार व्हावे लागले होते.

न्यायालयात कंपनी जिंकली. पण विमाने वेळेवर सुटेनात. कंपनीने वैमानिकांस बोल लाविला, संघाने तो नाकारला. अखेर पुन्हा बोलणी होऊन, पुनर्रचित कंपनीत साडेतेरा टक्के वाटा देणारा करार डिसेंबरात सुमारे ७४ टक्के मतांनी मान्य झाला. जे सोट्याने साधले नाही ते भागीदारीने साधले.

आपत्तीत शब्दाची रक्कम कमी होऊ शकेल. ज्याला शब्द दिला त्याची किंमत मात्र कमी होत नाही. त्याग मागणाऱ्याने आरंभ स्वतःच्या ताटापासून करावा. नाहीतर न्यायालयाची मोहोर करार मोडू शकेल. विश्वास जोडू शकणार नाही.