उजवा कौल

आमच्या गावच्या देवळात गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे टक लावून बसतात. आधी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी सात-आठ वर्षांचा असताना, वडिलांनी मुंबईची नोकरी सोडून गावी यावं का, म्हणून आजीने कौल लावला. डावा पडला. आजी गुरवाला म्हणाली, "परत एकदा इचारा. देवाक नीट समजला नसतला." पुन्हा डावा. तिसऱ्या खेपेस तिने प्रश्नच बदलला: लगेच नको, दिवाळीनंतर आला तर? उजवा पडला.

पुष्कळ वर्षं मी हा किस्सा हसायला सांगत असे. आता वाटतं, लेक परत यावा ही आपली ओढ किती घट्ट आहे, हे पहिली पाकळी डावीकडून सुटेपर्यंत आजीलाही ठाऊक नसावं. ती ओढ तिने निवडली होती का? तिने निवडलं ते पुन्हा विचारणं.

शोपेनहावरने इच्छास्वातंत्र्यावर निबंध लिहिला, त्याला १८३९ साली नॉर्वेत बक्षीसही मिळालं. माणूस मनात येईल ते करू शकतो, पण मनात काय यावं हे त्याच्या हाती नसतं, असा त्याचा रोख. मराठी माणूस हे रोज बोलतो. मला वाटलं, मला पटलं, मला सुचलं, मला मोह झाला. पाहुणे यावेत तशा या गोष्टी येतात. आपण फक्त दार उघडतो. 'मी ठरवलं' म्हणताना तेवढा 'मी' पुढे सरसावतो. तोही फार टिकत नाही. जायचं ठरवलेला माणूस उंबऱ्याशी थबकतो आणि म्हणतो, "मला जाववत नाही." ठरवणारा कोण आणि अडवणारा कोण?

१९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी हेच घड्याळ लावून पाहिलं. मनगट हलवण्याची इच्छा जाणवण्याआधीच, सेकंदाच्या काही दशांशांनी, मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. त्यावरून अनेकांनी इच्छास्वातंत्र्य निकालात काढलं. लिबेट यांनी नाही. शेवटच्या क्षणी हात आवरता येतो, एवढी जागा त्यांनी राखून ठेवली. मला मात्र मनगटापेक्षा आजीचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. मनगट हलवण्यात कुणाचं काही पणाला लागत नाही.

पाणिनीने अष्टाध्यायीत कर्त्याची व्याख्या केली ती 'स्वतंत्र' या शब्दाने. क्रियेत जो दुसऱ्याच्या तंत्राने चालत नाही, तो कर्ता. इथे थांबता आलं असतं. पण लगेच पुढच्याच सूत्रात तो या स्वतंत्र माणसाला कामाला लावणाऱ्यालाही कर्तेपण देतो, वर त्याला 'हेतु' असं नावही देतो. म्हणजे स्वतंत्र असूनही कुणाच्या तरी सांगण्यावरून केलेलं असू शकतं, आणि व्याकरणाला त्यात विसंगती दिसत नाही. करणे आणि करवणे शेजारी शेजारी नांदतात, आमच्या घरात नांदले तसे.

वडील दिवाळीनंतर आले. त्यांना आधी कुणी विचारलं होतं का, मला आठवत नाही. पुढे भाताला पाऊस कमी पडला, पैशाची ओढाताण झाली की कुरकुर होई. तेव्हा आजी देवळाकडे बोट दाखवी, आणि वडील आजीकडे.