गर्दीवर जगणारा सूर्यदेव

अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात ‘फरगॉटन रेल्म्स’ नावाचे एक कल्पित जग आहे. तिथला सूर्यदेव अमाउनेटर. तो कायद्याचा आणि करारांचाही देव. पण त्या जगात देवाचे बळ भक्तांवर अवलंबून. नेथरिलचे साम्राज्य कोसळले, भक्त पांगले आणि देव क्षीण झाला.

आम्ही विचारतो, भक्त गमावण्याची ज्याला धास्ती, तो भक्ताचा अन्याय त्याच्या तोंडावर कसा सांगणार?

हजरत इब्राहीम (अ.) यांनी मावळणाऱ्या सूर्याला रब मानले नाही, सारी कौम विरोधात होती, तरी त्यांचे म्हणणे खोटे ठरले नाही. आमच्या मोहल्ल्यात मात्र ज्याच्यामागे जमाव मोठा, त्याचेच खरे. मग त्या कल्पित जगाला हसण्याचा अधिकार आम्हांला उरतो का?